'द लेडीकिलर्स', मूळ आणि रिमेक : कोल्हापूरच्या प्रेक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुन्हा, मरण आणि हसू एकाच ताटात वाढणारे चित्रपट थोडे आहेत. त्यांचे जमलेले रिमेक त्याहून थोडे. 'द लेडीकिलर्स'चे दोन्ही अवतार एकापाठोपाठ पाहिले की रिमेक म्हणजे काय, हे जेवढं कळतं तेवढं दहा व्याख्यानांतून कळत नाही. खेळ संपल्यावर चहाच्या टपरीवर जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. ज्या उत्तरात शेवट फुटतो, तिथे आधीच तसं सांगितलं आहे.

नक्की कोणते दोन चित्रपट?

पहिला १९५५चा. लंडनच्या ईलिंग स्टुडिओचा, दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक, पटकथा विल्यम रोझ, निर्माते मायकेल बाल्कन. दुसरा २००४चा अमेरिकन रिमेक, जोएल आणि ईथन कोएन या भावांचा. पहिल्यात अ‍ॅलेक गिनेस आणि केटी जॉन्सन, दुसऱ्यात टॉम हँक्स आणि इर्मा पी. हॉल. पहिला साधारण दीड तासाचा, दुसरा १०४ मिनिटांचा.

गोष्ट काय आहे? शेवट न सांगता सांगा.

एकटी राहणारी एक म्हातारी. तिच्याकडे एक अतिसभ्य 'प्रोफेसर' खोली भाड्याने घ्यायला येतो. आम्ही पाच जण मिळून संगीताचा सराव करणार, असं सांगतो. खरं तर ती दरोडेखोरांची टोळी असते. दरोडा पार पडतो, पैसे हातात येतात आणि नेमकं तेव्हाच म्हातारीला सगळं कळतं. आता तिचा काटा काढायचा. पण काढणार कोण?

दोन्ही चित्रपटांत एवढं समान आहे. बाकी जवळजवळ सगळं बदललं आहे.

आधी कोणता बघावा?

मूळ. रिमेकमध्ये बदललेल्या गोष्टी या मुद्दाम घेतलेल्या निर्णयासारख्या दिसायच्या असतील, तर आधी काय होतं ते माहीत हवं. घरी लहान मुलं असतील तर मूळ चित्रपट सगळ्यांसोबत बघता येतो. रिमेकला अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा) मिळालं, ते मुख्यतः भाषेमुळे. मार्लन वेयन्सच्या तोंडी शिव्यांचा पाऊस आहे. आई-आज्जीसोबत बसणार असाल तर हे आधी लक्षात असू द्या.

ही कथा लेखकाला स्वप्नात सुचली, हे खरं?

विल्यम रोझ तसंच सांगत. गोष्ट साधारण पूर्णपणे स्वप्नात दिसली, असं त्यांचं म्हणणं होतं. या पटकथेला ब्रिटिश अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ऑस्करचं नामांकनही.

गंमत अशी की या अस्सल इंग्लिश चित्रपटामागचे दोन्ही मुख्य मेंदू अमेरिकेत जन्मलेले. रोझ मिसुरी राज्यातले. मॅकेंड्रिक बोस्टनमध्ये जन्मले आणि ग्लासगोत वाढले. इंग्लिश माणसाची शिष्टाचाराची सवय, चहाची वेळ, रांगेत उभं राहण्याचा धर्म, हे बाहेरून आलेल्याला जास्त स्पष्ट दिसतं. घरच्या माणसाला आपल्या घराचा वास येत नाही.

म्हातारीचं काम करणाऱ्या बाई एवढ्या अस्सल कशा?

केटी जॉन्सन तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या. आधी त्यांना नकार मिळाला होता. वय फार, तब्येत नाजूक, शूटिंगचा ताण झेपणार नाही, म्हणून त्यांच्याहून तरुण अभिनेत्रीची निवड झाली. ती अभिनेत्री शूटिंग सुरू होण्याआधीच वारली आणि भूमिका परत जॉन्सनबाईंकडे आली. सर्वोत्कृष्ट ब्रिटिश अभिनेत्रीचा ब्रिटिश अकादमी पुरस्कार त्यांनी याच भूमिकेसाठी मिळवला. १९५७ मध्ये त्या गेल्या.

त्यांच्या अभिनयात बघण्यासारखं काय, तर त्या कुठेही विनोद करत नाहीत. मिसेस विल्बरफोर्स, म्हणजे ती म्हातारी, पोलीस ठाण्यात जाऊन मैत्रिणीला दिसलेल्या परग्रहवासीयांबद्दल खुलासा करतात, तेव्हा जॉन्सनबाईंचा चेहरा पूर्ण गंभीर असतो. पोलीस त्यांचं प्रेमाने ऐकून घेतात आणि विश्वास ठेवत नाहीत. हा पहिल्या काही मिनिटांतला प्रसंग नीट लक्षात ठेवा. चित्रपटाचा शेवट त्याच खुंटीवर टांगला आहे.

टोळीतला हर्बर्ट लॉम सतत टोपी का घालून असतो?

त्या काळात लॉम लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात 'द किंग अँड आय' या संगीत नाटकात सयामच्या राजाचं काम करत होता. त्यासाठी डोकं भादरलेलं होतं. गुंड टकला दिसू नये म्हणून टोपी. ती त्याच्या अंगात इतकी मुरली की म्हातारीच्या घरात टोपी न काढणारा तो एकटाच उद्धट माणूस वाटतो. अडचणीतून स्वभाव तयार झाला.

पीटर सेलर्स कोणता?

हॅरी, टोळीतला तरुण, जाडसर. सेलर्स तेव्हा रेडिओवर गाजत होता, पडद्यावर नवखा होता. म्हातारीच्या पोपटांचे आवाजही त्याचेच. पुढे 'पिंक पँथर' मालिकेत इन्स्पेक्टर क्लूजो झालेला सेलर्स आणि त्याच्यामुळे वेडा होणारा त्याचा वरिष्ठ, म्हणजे हाच हर्बर्ट लॉम. दोघांना इथे एकत्र बघणं वेगळी मजा आहे.

ते तिरकं घर खरं आहे का? लंडनला गेलो तर दिसेल का?

दिसणार नाही. ते घर म्हणजे सेट होता. किंग्ज क्रॉस स्टेशनच्या उत्तरेला कोपनहेगन बोगदा आहे, त्याच्या दक्षिण तोंडाच्या वर, फ्रेडरिका स्ट्रीटच्या टोकाला तो उभारला होता. म्हणून मागच्या बाजूने खाली रूळ, धूर आणि सिग्नल दिसतात. घराच्या दारातून समोर सेंट पँक्रास स्टेशनचा मनोरा दिसतो, तो भाग दुसऱ्याच रस्त्यावर, आर्गाइल स्ट्रीटवर चित्रित झाला. दोन जागा जोडून एक पत्ता तयार केला आणि जोड कुठे आहे ते डोळ्याला कळत नाही.

घर वाकडं का, याचं कारण कथेतच आहे : युद्धातल्या बाँबवर्षावाने पाया खचला. त्यामुळे भिंतीवरची तसबीर कितीही सरळ करा, ती वाकडीच वाटते. पाणी येण्यासाठी पाईपवर हातोडा हाणावा लागतो. कोल्हापुरात जुन्या वाड्यात राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

रंग असे दाट आणि जुन्या पोस्टरसारखे का दिसतात?

कारण चित्रपट तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरवर काढला आहे. त्या कॅमेऱ्यात भिंगामागे लोलक असे. तो प्रकाश विभागून तीन वेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हवर पाठवी : एक लाल, एक हिरवी, एक निळी नोंद. नंतर त्या तिन्हींवरून रंगद्रव्याचे थर एकाच प्रिंटवर छापले जात, जवळपास लिथोच्या छपाईसारखे. कॅमेरा अवजड, प्रकाश भरपूर लागायचा. ब्रिटनमध्ये या पद्धतीने निघालेल्या शेवटच्या काही चित्रपटांपैकी हा एक. छायालेखक ऑटो हेलर यांनी एवढी दणदणीत रंगसामग्री वापरून घर मात्र काजळी, तपकिरी आणि शेवाळी ठेवलं. म्हातारीचे कपडे फिके, नाजूक. त्यामुळे ती त्या घरात जुन्या पेटीत जपून ठेवलेल्या वस्तूसारखी दिसते.

मूळ निगेटिव्हवरून केलेली फोर-के आवृत्ती २०२० मध्ये आली. शक्य असेल तर तीच बघा. जुन्या डीव्हीडीवर काळोखातले बारकावे चिखलात बुडाल्यासारखे होतात.

रंगाचा विषय निघालाच आहे तर : आपल्या प्रभात कंपनीने १९३३ मध्येच 'सैरंध्री' रंगीत करण्याचा प्रयत्न केला होता. प्रक्रियेसाठी फिल्म जर्मनीला नेली आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. रंगांच्या नोंदी एकमेकींवर तंतोतंत बसवणं किती कठीण आणि किती महाग होतं, हे त्यावरून ध्यानात यावं.

टोळी 'वाजवते' ती धून कोणती?

लुइजी बोकेरिनीच्या ई मेजरमधल्या तंतुवाद्य पंचकातला मिन्युएट, म्हणजे जुन्या दरबारी नाचाची धून. लग्नाच्या हॉलपासून मोबाईलच्या रिंगटोनपर्यंत तो सगळीकडे वाजतो, म्हणून ओळखीचा वाटतो. टोळीत माणसं पाच, वाद्यं पाच. ग्रामोफोन लावून ठेवायचा, दार लोटायचं आणि आत बेत आखायचा. म्हातारी चहा घेऊन आली की सगळे धावत वाद्यं धरतात.

या बहाण्यात तीन सोयी एकदम आहेत. बंद दाराला कारण मिळतं. अनोळखी पाच माणसांनी रोज येण्याला कारण मिळतं. आणि मोठ्या, कडक पेट्या घेऊन जाण्याला कारण मिळतं, ज्यात पुढे नोटा जाणार असतात. बहाणा निवडावा तर असा. रिमेकची चर्चा करताना याच तीन सोयींचा हिशोब मांडून बघा.

कोएन बंधूंनी रिमेक करायचं का ठरवलं?

सुरुवातीला ते फक्त पटकथा लिहीत होते. दिग्दर्शन बॅरी सॉनेनफेल्ड करणार होते, म्हणजे कोएनांच्या पहिल्या तीन चित्रपटांचे छायालेखक. सॉनेनफेल्ड दिग्दर्शनातून बाजूला होऊन निर्माते राहिले आणि काम भावांकडे आलं. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून दोघांचं नाव एकत्र आलं ते याच चित्रपटापासून. त्याआधी दिग्दर्शक जोएल आणि निर्माता ईथन अशी विभागणी लिहिली जायची, काम दोघं मिळूनच करायचे. संकलक म्हणून दिसणारा 'रॉडरिक जेन्स' नावाचा कुणी माणूस अस्तित्वात नाही. ते दोघा भावांचं टोपणनाव आहे.

छायाचित्रण रॉजर डीकिन्स, संगीत कार्टर बरवेल, आणि गॉस्पेल, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांची निवड टी-बोन बर्नेट यांच्या देखरेखीखाली.

लंडन सोडून मिसिसिपी कशाला?

रिमेकमधली सर्वांत हुशार निवड हीच. मिसिसिपी राज्याने १९९० मध्ये जुगाराला परवानगी दिली ती पाण्यावर तरंगणाऱ्या कॅसिनोपुरती. जमिनीवर कॅसिनो बांधायला मुभा नव्हती. ती अट कतरिना वादळानंतर, २००५ मध्ये सैल झाली. म्हणजे २००४च्या चित्रपटात कॅसिनो नदीतल्या बोटीवर आहे ते सजावट म्हणून नाही, तो कायदा आहे. बोटीवर जुगार, पण रोकड मोजायची कचेरी किनाऱ्यावर जमिनीखाली. मग जवळच्या म्हातारीच्या तळघरातून भुयार खणता येतं. तळघराच्या भिंती मातीच्या, म्हणजे फोडायला दगड-सिमेंट नाही.

गावाचं नाव सॉशिए आहे. त्या नावाचं खरं गाव मिसिसिपी राज्यात आहे, पण ते मिसिसिपी नदीकाठी नाही. लेखकांनी नाव घेतलं, भूगोल आपल्या सोयीने लावला.

बहाणाही बदलला. इथे टोळी जुन्या चर्च संगीताचा सराव करते. रिमेकमधली म्हातारी म्हणजे मिसेस मन्सन, रोज चर्चला जाणाऱ्या, भक्तीने भरलेल्या बाई, त्यांच्या गळी हाच बहाणा उतरतो. मूळ चित्रपटात टोळीचं संगीत आणि म्हातारीचं जग जुळतं. रिमेकमध्ये ते एकमेकांसमोर उभं राहतं : तळघरात युरोपचं जुनं संगीत, वर चर्चमध्ये कृष्णवर्णीय समाजाचं जिवंत गॉस्पेल. तळघरातलं खोटं, चर्चमधलं खरं. चित्रपटाचं म्हणणं तिथे ऐकू येतं.

(पुढे शेवट फुटतो) मालगाडी आणि कचऱ्याचा पडाव यांचं नातं काय?

दोन्ही चित्रपटांत टोळीतली माणसं एकेक करून मरतात आणि प्रेतं नाहीशी होतात. मूळमध्ये ती घरामागून जाणाऱ्या मालगाडीच्या उघड्या वाघिणीत पडतात. रिमेकमध्ये पुलावरून खाली, नदीतून कचरा वाहून नेणाऱ्या पडावावर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर.

ही जोडी तपासण्यासारखी आहे, कारण काळ्या विनोदात प्रेताचं काय करायचं हा सगळ्यात अवघड प्रश्न. प्रेत समोर राहिलं की प्रेक्षकाला दया येते, वास येतो, पोलीस येतात. हसू थांबतं. म्हणून अशी एखादी व्यवस्था लागते, जी चार अटी पाळते. ती आधीपासून दिसत असली पाहिजे. ठरावीक वेळाने आली पाहिजे. एकाच दिशेने जाऊन परत येता कामा नये. आणि तिच्यात काय भरलंय ते कुणी बघता कामा नये.

मॅकेंड्रिकनी मालगाडी पहिल्यापासून कानावर घातली आहे. इंजिनाची शिट्टी आणि खिडकीवर येणारी वाफ आधी त्रासाची, मग सवयीची, शेवटी जीवघेणी. वाफेने एक तांत्रिक कामही केलं : माणूस पडतो ते वाफेत, प्रत्यक्ष आदळणं दिसत नाही. कोएनांनी पडाव आधी वेगळ्या कामाला लावला. भुयारातून निघालेली माती पोत्यांत भरून पुलावरून त्यावर टाकली जाते. त्यामुळे पहिलं प्रेत पडतं तेव्हा प्रेक्षकाला नवीन काही शिकावं लागत नाही.

मग रिमेक मूळपेक्षा कमी का वाटतो?

अनेकांना तो कमी वाटतो, आम्हालाही वाटतो, आणि कारण नेमकं दाखवता येतं. पुन्हा शेवट फुटतो, सावध राहा.

मूळमध्ये काडी ओढून ठरतं की म्हातारीला कुणी मारायचं. टोळीतल्या मेजरवर पाळी येते. त्याला मारायचं नसतं, पैसे मात्र हवे असतात, म्हणून तो छपरावरून पळतो आणि मरतो. हॅरी मरतो कारण टोळीतल्या वन-राउंडला वाटतं की यानेच म्हातारीला मारलं, आणि त्या आडदांड माणसाचा तिच्यावर जीव जडलेला असतो. पुढचे मृत्यू एकमेकांवरच्या संशयातून होतात. प्रत्येक जण आपल्या स्वभावाने मरतो. निव्वळ अपघात एकच, अगदी शेवटी : प्रोफेसर मार्कसच्या डोक्यावर रेल्वेचा सिग्नल पडतो. सगळं नीट आखणाऱ्या माणसाला वेळापत्रकाच्या यंत्रानेच मारलं. एकच अपघात, पण शेवटासाठी राखून ठेवलेला.

रिमेकमध्ये टोळीतले गवेन (मार्लन वेयन्स) आणि पॅनकेक यांचे मृत्यू स्वभावातून येतात. 'जनरल' मात्र तोंडात लपवलेल्या सिगारेटने गुदमरतो आणि जिन्यावरून कोसळतो. लंप बंदूक रिकामी आहे असं समजून नळीत डोकावतो. प्रोफेसर डॉरवर पुलावरच्या दगडी पुतळ्याचं मुंडकं पडतं, कारण वर कावळा बसलेला असतो. तीन मरणांत नशीब आणि वेंधळेपणा. प्रसंग सुटा सुटा हसवतो, पण साखळी सैल पडते. एका मरणाने दुसऱ्याला ढकललं पाहिजे, ते होत नाही.

दुसरी गोष्ट, मूळमध्ये केंद्रस्थानी म्हातारी आहे. रिमेकमध्ये हँक्सचा प्रोफेसर इतका बोलतो की घर त्याचंच वाटू लागतं. त्याचं बोलणं सुंदर लिहिलं आहे, अमेरिकन कवी एडगर अ‍ॅलन पोच्या कविता तो म्हणतो, तो कावळाही पोच्या 'द रेव्हन' या कवितेचीच आठवण आहे. पण गिनेसचा मार्कस नुसता दारात सावली होऊन उभा राहिला की काम होतं.

म्हणजे इर्मा हॉल कमी पडल्या?

अजिबात नाही. २००४च्या कान महोत्सवात त्यांना परीक्षक मंडळाचा पुरस्कार मिळाला, क्वेंटिन टारंटिनो अध्यक्ष असलेल्या मंडळाकडून. मिसेस मन्सन भोळ्या नाहीत. त्या दिवंगत नवऱ्याच्या तसबिरीशी बोलतात आणि तसबिरीतला चेहरा प्रसंगानुसार भाव बदलतो. पुन्हा बघताना फक्त ती तसबीर बघा, प्रत्येक वेळी वेगळी दिसेल. मांजराचं नाव पिकल्स.

ब्रिटनमध्ये मूळ चित्रपटाचं स्थान काय?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये विसाव्या शतकातल्या शंभर ब्रिटिश चित्रपटांची यादी केली, त्यात तो १३ वा. मॅकेंड्रिक यांचा ईलिंगमधला हा शेवटचा चित्रपट, आणि त्याच १९५५ साली ईलिंगचा स्टुडिओ बीबीसीला विकला गेला. पुढे मॅकेंड्रिक अमेरिकेत चित्रपट शिकवू लागले. पटकथेतलं कारण आणि परिणाम यांचं त्यांचं शिक्षण किती काटेकोर असेल, ते वरच्या मृत्यूंच्या साखळीवरून कळतं.

कोल्हापूरला रिमेक नवे आहेत का?

नवे कसले. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांनी 'सावकारी पाश' १९२५ मध्ये मूकपट म्हणून केला आणि १९३६ मध्ये स्वतःच बोलपट म्हणून पुन्हा केला. 'सैरंध्री' त्यांनी १९२० मध्ये केला, प्रभातने तोच विषय १९३३ मध्ये बोलता आणि रंगीत करून पाहिला. आवाज आला, रंग आला, तेव्हा जुनी गोष्ट नव्या साधनाने परत सांगावीशी वाटली. रिमेकचं ते प्रामाणिक कारण होतं. साधन बदललेलं नसेल तर निदान माती बदललेली असावी.

हीच गोष्ट कोल्हापुरात आणून लघुपट करायचा आहे. काय बदलावं लागेल?

अभ्यास म्हणून उत्तम व्यायाम. प्रदर्शित करायचा असेल तर मात्र कथेचे हक्क लागतील, ते विसरू नका.

घर सोपं आहे. मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत एखादा वाडा, मागची भिंत खचलेली, आज्जी एकट्या. अडचण शेजाऱ्यांची. लंडनमध्ये पाच अनोळखी माणसं रोज आली तरी शेजारी पडदा सरकवून बघतो आणि गप्प बसतो. पेठेत पहिल्याच संध्याकाळी तालमीतली पोरं विचारणार, "आज्जी, कोण आलंय?" म्हणून बहाणा जास्त भक्कम हवा.

भजनाचा बहाणा पहिल्यांदा सुचतो आणि तोच फसतो. भजन सुरू झालं की गल्ली येऊन बसते, कुणी टाळ मागतं, कुणी गजर उचलतं. बंद दाराआड भजन कुणाला पटणार? त्याऐवजी शास्त्रीय संगीताचा रियाज घ्या. उस्ताद अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारात होते, जयपूर-अत्रौली गायकी या गावात मुरली आहे. गुरुजी शिकवताना दार बंद असतं, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. वाद्यांचं बघा : तानपुऱ्याला कापडी गवसणी असते, तीत नोटांची बंडलं घातली तर बाहेरून आकार दिसतो. हार्मोनियमची लाकडी पेटी मात्र चालते. कडी आहे, वजन असणं अपेक्षितच आहे, आणि ऐन वेळी कडी निघून झाकण उघडलं की मूळमध्ये चेलोची पेटी दारात अडकून उघडते आणि नोटा सांडतात, तो प्रसंग आपोआप तयार होतो.

आता प्रेतांचा प्रश्न. सगळ्यांना आधी रेल्वे आठवते. पण कोल्हापूरला लाईन संपते. गाडी येते, थांबते, तीच परत जाते. एका दिशेने निघून जाण्याची अट मोडली.

मग उसाची ट्रॉली सुचते. गाळप हंगामात रात्रभर ट्रॅक्टर चालू असतात, नियमितपणा आहे, उघडी आहे, डोळ्यासमोर आहे. तरीही नाही चालत. कारखान्यावर ट्रॉली वजनकाट्यावर उभी राहते, पावती होते, मग गव्हाणीत मोळ्या उतरतात. माणसाचं वजन पावतीत येणार आणि उतरवताना माणूस दिसणार. चौथी अट मोडली, आणि पुढचा प्रसंग विनोदाचा राहणार नाही.

पंचगंगा? पावसाळ्यानंतर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की वाहून येणारी वस्तू बंधाऱ्यालाच अडते. पावसाळ्यात बरगे काढलेले असतात, पाणी वाहतं, पण तेव्हा पूर बघायला अर्धं गाव घाटावर.

आमच्या मते उरतो तो महामार्ग. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून माल उतरवून रिकामे, उघडे ट्रक कर्नाटककडे परत जातात. वाडा सोडून घर रस्त्याच्या कापलेल्या कडेवर न्यावं लागेल. ट्रकला वेळापत्रक नाही, ही उणीव आवाजाने भरून काढा : घराखाली गतिरोधक, तिथे प्रत्येक ट्रकचा गिअर बदलतो आणि मागचा फाळका खडखडतो. पहिल्या दहा मिनिटांत हा आवाज तीनदा तरी ऐकवा, एकदा आज्जींची झोप मोडताना. चौथ्या वेळी नुसत्या आवाजावर प्रेक्षक हसायला लागेल.

दोन्ही चित्रपटांचा जाहीर खेळ लावायचा तर काय तयारी?

घरी बघायची डिस्क किंवा ओटीटीचं खातं जाहीर खेळाला चालत नाही. तिकीट नसलं म्हणजे परवाना लागत नाही, हा समज चुकीचा आहे. मूळचे हक्क स्टुडिओकॅनालकडे, रिमेकचे डिस्नेकडे. पत्रव्यवहाराला वेळ लागतो, दोन-तीन महिने आधी सुरू करा.

दोन्ही एकाच संध्याकाळी लावायचे तर आधी मूळ, मग किमान अर्धा तास चहा, मग रिमेक. उलट क्रम लावू नका, रिमेकच्या गोंगाटानंतर मूळ संथ वाटतो.

मराठी सबटायटल करताना काय बिघडतं?

तीन गोष्टी हमखास बिघडतात.

पहिली, अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात. सबटायटलची फाईल (एसआरटी) यूटीएफ-८ या देवनागरी पेलणाऱ्या सांकेतिक पद्धतीत जतन केलेली नसते, किंवा प्लेअरला देवनागरी फाँट ठरवून दिलेला नसतो. जोडाक्षरं तुटून दिसली तर दोष प्लेअरचा. नोटो सान्स देवनागरी बसवून आदल्या दिवशी त्याच लॅपटॉपवर, त्याच प्रोजेक्टरवर तपासा.

दुसरी, सुरुवातीला बरोबर असलेली सबटायटल हळूहळू मागे-पुढे होतात. जुन्या युरोपीय डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला २५ चौकटींनी धावतो, ब्लू-रेवर २४ ने. फरक चार टक्के. दीड तासाच्या चित्रपटात शेवटाला साडेतीन मिनिटांहून जास्त तफावत पडते. फाईल नुसती पुढे-मागे सरकवून हे सुटत नाही, सबटायटल संपादकात चौकटींचा दर बदलावा लागतो.

तिसरी, प्रोफेसर डॉर. त्याची वाक्यं चार-चार ओळींची. प्रेक्षकाला सेकंदाला बारा-पंधरा अक्षरांहून जास्त वाचता येत नाही, आणि पडद्यावर दोन ओळींहून जास्त नकोत. त्यामुळे शब्दशः भाषांतर बसतच नाही. त्याचं बोलणं जुन्या संगीत नाटकातल्या गद्यासारखं वळवा : संस्कृत शब्द, लांब समास, पण वाक्य छोटं. समास जागा वाचवतो आणि थाटही राखतो. गवेनच्या शिव्या उलट दिशेने न्या, तिथे कोल्हापुरी रांगडेपणा ऐसपैस बसतो. फक्त प्रत्येक शिवी लिहू नका. दर तिसरी लिहिली तरी बाकीच्या आवाजातून पोचतात.